ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचें पोलाद : गरम लाटलेलें आणि थंड लाटलेलें

रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर बसविलेली करड्या रंगाची लोखंडी पेटी आपण सर्वांनीं पाहिली आहे. शहरांत तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, सरकारी कागदांत रोहित्र म्हणतात, आणि खेड्यापाड्यांत तिचें नांव डीपी. तिच्याजवळ क्षणभर उभें राहिलें म्हणजे एक संथ, घुमणारा आवाज कानीं येतो. तो दिवसा येतो, तसाच मध्यरात्रींही येतो. गांव निजलें, दिवे मालवले, पिठाची गिरणी बंद झाली, विहिरीवरचे पंप थांबले, तरी हा आवाज थांबत नाहीं. पेटीच्या पोटांत लोखंडाचा एक गाभा आहे व त्याचें काम अहोरात्र चालूं आहे, असा त्याचा अर्थ. जें काम करतें तें कांहीं तरी खातेंच. हा गाभा वीज खातो. आणि ती किती खातो, हें बऱ्याच अंशीं त्याचे पत्रे कारखान्यांत गरम असतांना लाटले कीं थंड झाल्यावर लाटले, यावर अवलंबून असतें. पोळी गरम तव्यावर टाकण्यापूर्वीं लाटतात हें घरांतील लहान मुलालाही ठाऊक असतें. पण पोलादाच्या बाबतींत लाटण्याच्या या साध्या क्रियेनें केवढा फरक पडतो, तें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम गाभ्याचें काम काय तें पाहूं. ट्रान्सफॉर्मरमध्यें तारेचीं दोन वेटोळीं असतात व तीं एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलीं असतात. एका वेटोळ्यांतील विजेचा प्रवाह गाभ्याला लोहचुंबक बनवितो. त्या चुंबकत्वांत होणारा बदल दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतो. दोन वेटोळ्यांच्या फेऱ्यांच्या संख्येंत जें प्रमाण, तेंच दोहोंकडील विजेच्या दाबांत. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनें करतो. म्हणजे गाभ्याचें उत्तर टोंक दक्षिण होतें, पुन्हा उत्तर होतें, आणि अशी उलथापालथ सेकंदाला शंभर वेळां होते. प्रत्येक उलथ्याबरोबर लोखंडाची लांबी अतिसूक्ष्म प्रमाणांत कमीअधिक होते. आपल्याला ऐकूं येणारा आवाज प्रामुख्यानें त्याचा आहे.

या उलथापालथींत शक्ति दोन प्रकारें वायां जाते. पहिला प्रकार असा कीं लोखंड आपलें चुंबकत्व सहजासहजीं सोडीत नाहीं; प्रवाह उलटला तरी तें थोडें मागें रेंगाळतें, व त्याला ओढून आणावें लागतें. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स आल्फ्रेड युइंग हे १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत जपानांत टोकियो येथें अध्यापक होते. तेथें प्रयोग करीत असतां त्यांनीं या रेंगाळण्याला ग्रीक भाषेंतून हिस्टेरिसिस हें नांव दिलें. १८९२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनीं हा तोटा गणितानें मोजण्याचा नियम मांडला, तेव्हांपासून कारखानदारांना तो आगाऊ सांगतां येऊं लागला. दुसरा प्रकार भोंवऱ्याच्या प्रवाहांचा. गाभा हा स्वतःच धातूचा असल्यामुळें त्याच्या अंगांतही वीज उत्पन्न होते, व नदींतील भोंवऱ्यासारखी आंतल्याआंत फिरून केवळ उष्णता निर्माण करते. यावर उपाय म्हणून गाभा अखंड ओतीत नाहींत. पातळ पत्र्यांच्या पट्ट्या कापून, प्रत्येकीवर विजेला अडविणारा लेप देऊन, त्या एकावर एक रचतात. पत्र्याची जाडी निम्मी केली तर हा दुसरा तोटा साधारणपणें चौथ्या हिश्श्यावर येतो. बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यांतील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनीं १८८५ सालीं बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर सिद्ध केला, त्या काळापासूनच गाभा तारांचा किंवा पत्र्यांचा करण्याची चाल आहे.

आरंभीं हे पत्रे साध्या मऊ लोखंडाचे असत. त्यांत एक विलक्षण दोष आढळला. नवा ट्रान्सफॉर्मर तपासावा तर तोटा बेताचा. तोच कांहीं महिने वापरून पुन्हा तपासावा तर तोटा वाढलेला. लोखंडांत विरघळून राहिलेला कार्बन व नत्रवायु उष्णतेनें हळूहळू बारीक कणांच्या रूपानें बाहेर पडत व चुंबकत्वाच्या वाटेंत अडथळा करीत. माणसाप्रमाणें लोखंडही म्हातारें होतें, असें तेव्हांचे कारागीर म्हणत असतील तर त्यांत नवल नाहीं; शास्त्रीय भाषेंतही या दोषाला वार्धक्य असेंच म्हणतात.

या दोषावरील औषध इंग्लंडांतील शेफील्ड या पोलादाच्या गांवीं सांपडलें. तेथील रॉबर्ट हॅडफील्ड हे लोखंडांत निरनिराळीं द्रव्यें मिसळून पाहण्यांत मग्न असत. सिलिकॉन हें वाळूंत व गारेंत असणारें मूलद्रव्य. त्याचें मिश्रण त्यांनीं पूर्वींच केलें होतें. पण त्याचा विजेशीं संबंध डब्लिन येथील बॅरेट व ब्राउन यांच्या सहकार्यानें स्पष्ट झाला, आणि १९०० सालीं तिघांच्या नांवें तें संशोधन प्रसिद्ध झालें. लोखंडांत सुमारें तीन टक्के सिलिकॉन मिसळला कीं त्याचा विजेला होणारा विरोध साडेचार-पांचपट होतो, भोंवरे मंदावतात. रेंगाळणें कमी होतें. आणि वार्धक्याची खोड बहुतांशीं जाते. अर्थात् कोणतेंही औषध फुकट मिळत नाहीं. सिलिकॉन वाढेल तसतसें पोलाद ठिसूळ होत जातें, व तें धारण करूं शकेल त्या चुंबकत्वाची कमाल मर्यादाही थोडी खालीं येते.

आतां लाटण्याकडे येऊं. विसाव्या शतकाचीं पहिलीं तीन-चार दशकें ट्रान्सफॉर्मरचा सर्व पत्रा गरम लाटलेला असे. पोलादाची पट्टी लाल होईपर्यंत तापवावयाची, अजस्र रुळांच्या जोडींतून काढावयाची, पातळ होत आली कीं अनेक पत्रे एकावर एक ठेवून पुन्हा तापवावयाचे व ती सर्व चवड एकदम लाटावयाची, अशी ती पद्धत. तापलेलें पोलाद मऊ असतें, म्हणून त्यांत सिलिकॉन चार ते साडेचार टक्क्यांपर्यंत घालतां येई. हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु पत्रा वेटोळ्याच्या रूपानें न मिळतां सुट्या तुकड्यांच्या रूपानें मिळे, त्याची जाडी सर्वत्र सारखी नसे, व पृष्ठभागावर काळपट खवले राहात. असे पत्रे रचले म्हणजे मधें मधें पोकळ जागा राहते. शंभर मिलिमीटर उंचीच्या थरांत खरें लोखंड नव्वद-ब्याण्णव मिलिमीटरच भरतें. थंड लाटलेल्या गुळगुळीत पत्र्यांत तेंच पंचाण्णव ते सत्याण्णव भरतें.

पण जाडीचा व गुळगुळीतपणाचा हा फरक वरवरचा आहे. खरी गोष्ट पत्र्याच्या आंत आहे. आणि ती समजण्यासाठीं थोडें खोल जावें लागेल, त्याचा वाचकांनीं कंटाळा करूं नये.

कोणतेंही पोलाद म्हणजे असंख्य स्फटिककणांची गर्दी असते. मिठाच्या खड्याचे आपण चौकोनी आकार पाहतों, त्याचप्रमाणें लोखंडाच्या प्रत्येक कणांत अणूंची मांडणी घनाकृति असते. असा एक कण म्हणजे सोंगटीपटावरील फासा समजा. फाशाला कडा आहेत, प्रत्येक पृष्ठाला कर्ण आहेत, आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आरपार जाणारा एक लांब कर्णही आहे. जपानांतील सेंडाइ येथील विद्यापीठांत कोतारो होंडा व सेइजी काया यांनीं १९२६ सालीं लोखंडाचे एकेक सुटे स्फटिक घेऊन या तिन्ही दिशांनीं त्यांचें चुंबकत्व मोजलें. फाशाच्या कडेच्या दिशेनें लोखंड अगदीं सहज चुंबक बनलें; पृष्ठाच्या कर्णाच्या दिशेनें त्याहून कष्टानें; आणि आरपार कर्णाच्या दिशेनें सर्वांत अधिक कष्टानें. लांकूड तंतूंच्या दिशेनें सहज फाटतें आणि आडवें फोडावयाला कुऱ्हाड झिजते, तसाच हा प्रकार.

गरम लाटलेल्या पत्र्यांत हे फासे मूठभर पटावर फेंकावे तसे वाटेल तसे पडलेले असतात. कांहींची कड चुंबकत्वाच्या वाटेच्या दिशेनें, कांहींची तिरपी, कांहींची अगदीं उलट. त्यामुळें सर्व दिशांनीं पत्रा सारखाच, म्हणजे सर्व दिशांनीं मध्यम. सर्व फासे एका दिशेनें मांडतां आले तर काय बहार होईल, हें होंडा व काया यांचे आंकडे पाहून पुष्कळांच्या मनांत आलें असेल; पण एका पत्र्यांत मोजतां न येणारे कण असतात, त्यांना एकेक करून कोण बसविणार?

तें काम अमेरिकेंत ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरचे नॉर्मन गॉस यांनीं साधलें. १९३४ सालीं त्यांना त्यांच्या कृतीचा एकाधिकार मिळाला. कृति ऐकावयाला सोपी आहे. सुमारें तीन टक्के सिलिकॉन असलेलें पोलाद प्रथम गरम लाटून दोन-तीन मिलिमीटर जाड करावयाचें. पुढें तें पूर्ण निवल्यावर, थंड असतांनाच, जबर दाबाखालीं लाटावयाचें. मधें एकदां तापवून त्याला विसांवा द्यावयाचा. पुन्हा थंड लाटावयाचें. आणि शेवटीं फार उच्च उष्णतेंत दीर्घकाळ ठेवावयाचें. असें केलें म्हणजे पत्र्यांतील बहुतेक सर्व फासे एकाच ढंगानें उभे राहतात. तो ढंग कसा? फासा पृष्ठावर न ठेवतां एका कडेवर तोलून धरा. आतां वरच्या बाजूला त्याची दुसरी कड घराच्या आढ्याप्रमाणें दिसेल, आणि दोन्हीं बाजूंनीं छपराचे उतार. हें आढें ज्या दिशेनें जातें तीच पत्रा लाटण्याची दिशा. म्हणजे सहज चुंबक बनणारी कड बरोबर पत्र्याच्या लांबीच्या दिशेनें येते.

गंमत अशी कीं हें घडतें कां, तें स्वतः गॉस यांनाही त्या वेळीं बरोबर उमगलें नव्हतें. १९३५ सालच्या आपल्या निबंधांत त्यांनीं या पत्र्याच्या गुणाचें श्रेय बारीक कणांना दिलें. त्याच वर्षीं बोझोर्थ यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें कणांचा कल तपासला आणि गुणाचें मूळ कण बारीक असण्यांत नसून एका दिशेनें बसलेले असण्यांत आहे, हें दाखविलें. उलट, आज तयार होणाऱ्या पत्र्यावरील लेप आम्लानें काढून टाकला तर कण नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. कांहीं कण तर चवलीएवढे मोठे असतात. ते एवढे वाढतात याचेंही कारण पुढें १९५८ सालीं मे व टर्नबुल या दोघांनीं उलगडलें. पोलादांत मँगेनीज आणि गंधक यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ते सामान्य स्फटिककणांना वाढूं देत नाहींत, दाबून धरतात. अंतिम तापवणीच्या वेळीं मात्र ज्या थोड्या कणांचा कल वर वर्णिलेल्या आढ्यासारखा असतो, त्यांना वाढण्याला वाव मिळतो, आणि ते शेजारच्या सहस्रावधि लहान कणांना गिळून सर्व पत्रा व्यापतात. हें कार्य संपलें कीं सुमारें बाराशें अंश सेल्सियस उष्णतेंत हायड्रोजन वायूच्या वातावरणांत त्या गंधकालाही बाहेर काढून देतात, कारण काम झाल्यावर तो पोलादांत राहिला तर चुंबकत्वाला अपायच करील. त्याच भट्टींत, पत्र्यावर आधीं माखलेल्या मॅग्नेशियाच्या चुन्यापासून कांचेसारखा एक पातळ लेप तयार होतो, आणि तोच पट्ट्यांमधील विजेला अडवितो. एकाच तापवणींत इतकीं कामें उरकणारी भट्टी पाहिली म्हणजे स्वयंपाकघरांतील काटकसरी गृहिणीची आठवण होते.

येथें कोणी विचारील कीं मग गरम लाटलेल्या पत्र्याप्रमाणें यांतही साडेचार टक्के सिलिकॉन कां घालीत नाहींत? उत्तर ठिसूळपणांत आहे. साडेतीन टक्क्यांच्या पुढें गेलें कीं थंड पोलाद रुळांखालीं तडकूं लागतें. म्हणून थंड लाटलेल्या पत्र्यांत सिलिकॉन तीन ते सव्वातीन टक्केच. म्हणजे औषधाची मात्रा कमी, तरीही गुण अधिक. कारण मांडणी सुधारली.

गुण किती अधिक, तें आंकड्यांवरून पाहावें. चुंबकत्वाची घनता टेस्ला या मापानें मोजतात. दीड टेस्ला घनतेला व पन्नास आवर्तनांना, ०·३५ मिलिमीटर जाडीच्या गरम लाटलेल्या उत्तम प्रतीच्या पत्र्यांत दर किलोग्रॅममागें सुमारें अडीच वॉट वायां जात. तेवढ्याच जाडीच्या थंड लाटलेल्या व दिशाबद्ध केलेल्या पत्र्यांत सुमारें १·१ वॉट जातात. आजच्या ०·२७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांत ते ०·९ च्या आसपास येतात. जपानच्या यावाता कारखान्यानें १९६८ सालीं याहूनही सरस पोलाद बाजारांत आणलें. पूर्वीच्या पत्र्यांत कणांचा कल खऱ्या दिशेपासून सरासरीनें सात अंश ढळलेला असे, तो त्यांनीं सुमारें तीन अंशांवर आणला.

आपण एक हिशेब करून पाहूं. गाभ्याचें वजन दोनशें किलोग्रॅम धरा. गरम लाटलेल्या पत्र्याचा तोटा पांचशें वॉट, थंड लाटलेल्याचा दोनशें वीस. फरक दोनशें ऐंशी वॉटांचा. फरक लहान दिसतो; घरांतील तीन-चार पंख्यांएवढा. परंतु वर्षाचे तास ८,७६० असतात, आणि गाभा एकही तास सुटी घेत नाहीं. गुणाकार केला तर वर्षाला सुमारें २,४५० युनिट होतात. पंचवीस वर्षांत साठ हजारांच्या वर. आणि हें सर्व कोणी एक दिवा लावो वा न लावो. विजेच्या वितरणांत असे ट्रान्सफॉर्मर लक्षावधि असतात, हें ध्यानांत घ्यावें.

या हिशेबावर एक न्याय्य आक्षेप आहे. गरम लाटलेल्या पत्र्याचा गाभा जाणते कारखानदार दीड टेस्लापर्यंत चालवीतच नसत. ते १·२ ते १·४ वर थांबत, व त्यामुळें दर किलोग्रॅमचा तोटा कमी राही. आक्षेप खरा आहे. पण घनता कमी ठेवावयाची तर तेवढेंच काम करण्यास गाभा अधिक जाड करावा लागतो. गाभा जाड झाला कीं त्याच्याभोंवतीं गुंडाळावयाच्या तांब्याच्या तारेचा प्रत्येक वेढा लांबतो. तांबें वाढतें, तेल वाढतें, टाकी वाढते, आणि तारेंतील तोटाही वाढतो. थंड लाटलेला पत्रा १·६ ते १·७ टेस्लावर आरामांत चालतो. एका पत्र्याच्या निवडीनें सगळ्या यंत्राचें आकारमान बदलतें तें असें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं थंड लाटलेला पत्रा विकत आणला म्हणजे झालें. तसें मात्र नाहीं. या पत्र्याचा गुण एकाच दिशेचा आहे, आणि जो गुण दिशेचा असतो तो दिशा चुकल्याबरोबर जातो. लाटण्याच्या दिशेशीं काटकोनांत पाहिलें तर फाशाच्या पृष्ठाचा कर्ण लागतो, आणि सुमारें पंचावन्न अंशांच्या तिरप्या दिशेनें तर तो सर्वांत वाईट असा आरपार कर्ण लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला उभे खांब व आडव्या तुळया असतात. गरम लाटलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कोपऱ्यांत काटकोनांत एकमेकींवर चढवून बसविल्या तरी चाले. नव्या पत्र्यांत तसें केलें तर कोपऱ्यावर वळतांना चुंबकत्वाला आडव्या दिशेनें जावें लागतें व तेथें तोटा वाढतो. म्हणून सुताराच्या चौकटीप्रमाणें पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून सांधतात. गाभा आवळण्यासाठीं पूर्वीं पट्ट्यांना भोंकें पाडून बोल्ट घालीत. तेंही सोडून आतां बाहेरून पट्ट्यांनीं वा चापांनीं आवळतात. पट्टी वाकविली, तिच्यावर हातोडा मारला, तरी आंतील मांडणीवर ताण येऊन गुण उतरतो. पुन्हा सुमारें आठशें अंशांपर्यंत तापवून सावकाश निवविल्याशिवाय तो परत येत नाहीं. गरम लाटलेलें पोलाद या बाबतींत पुष्कळच सोशिक होतें, हें कबूल केलें पाहिजे.

आणखी एक घोटाळा दूर करणें जरूर आहे. थंड लाटलेलें म्हणजे दिशाबद्धच असें नव्हे. मोटारींत व विजेच्या पंपांत चुंबकत्वाची दिशा सारखी फिरत असते, तेथें एका दिशेचा पक्षपात उपयोगाचा नाहीं. त्यांच्यासाठीं थंड लाटलेलाच, पण सर्व दिशांनीं जवळजवळ सारखा असा निराळा पत्रा करतात. दुकानदार नुसतें “थंड लाटलेला आहे” एवढेंच सांगेल तर तें अर्धेंच उत्तर झालें. दिशाबद्ध पत्रा तयार करणारे कारखाने जगांत थोडे आहेत. आपल्या महाराष्ट्रांत नाशिकजवळ असा एक कारखाना आहे. पण देशाची गरज मोठी असल्यामुळें पुष्कळसा माल परदेशांतून येत आला आहे.

पत्रा ओळखावा कसा? याचें प्रात्यक्षिक गेल्या हिवाळ्यांत ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेंत आम्हांस पाहावयास मिळालें. तेथील वृद्ध मिस्त्रींनीं दोन पट्ट्या आणून बांकावर ठेविल्या. एक काळसर, खरबरीत. दुसरी करडी, किंचित् कांचेची झांक असलेली. “वांकवून पाहा, मास्तर,” ते म्हणाले. पहिली दोन-चार वेळां मागेंपुढें करतांच कट्‌कन मोडली. ती फार जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील गरम लाटलेली. दुसरी वाकून पुन्हा सरळ होऊं पाहत होती. “आतां हिची दिशा सांगा,” ते म्हणाले. ती मात्र आमच्यापैकीं कोणासही नुसत्या नजरेनें सांगतां आली नाहीं.

खरी परीक्षा मापनाचीच. जर्मनींतील एप्स्टाइन यांनीं १९०० च्या सुमारास सुचविलेली चौकट आजही वापरतात. तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांचा एक चौकोन रचतात, भोंवतीं तारांचीं वेटोळीं असतात, आणि वॉट मोजणारें यंत्र तोटा दाखवितें. सर्व दिशांनीं सारख्या असणाऱ्या पत्र्याच्या निम्म्या पट्ट्या लांबींत व निम्म्या रुंदींत कापतात. दिशाबद्ध पत्र्याच्या सगळ्याच लांबींत कापतात. म्हणजे मालाच्या चिठ्ठीवरील आंकडा हा त्याच्या सर्वोत्तम दिशेचा असतो, हें विसरूं नये.

त्याच कार्यशाळेंत त्या दिवशीं एका खेड्यांतील शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर उघडून ठेविला होता. दीड वर्षांत तो तिसऱ्यांदा दुरुस्तीला आला होता. दोन्ही वेळां तार नवी घातली होती. तरी तेल तापे व तार पुन्हा जळे. करारांत रिकाम्या चालण्याचा तोटा २६० वॉटांपर्यंत मान्य होता. मिस्त्रींनीं वेटोळ्याला वीज जोडली. माप पांचशेंच्याही पुढें गेलें. मग त्यांनीं गाभा सोडविला. त्यांतील पट्ट्या एका जातीच्या नव्हत्या. मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांचें भंगार विकत घेऊन, त्यांतून लहान पट्ट्या कातरून हा गाभा रचलेला होता. कांहींवर जुन्या बोल्टांच्या अर्धवट भोंकांच्या खुणा होत्या. कातरलेल्या कडांना धार उभी राहिली होती व तिनें लेप फोडून एक पट्टी दुसरीला चिकटविली होती. आणि पुष्कळशा पट्ट्या तुकडा पुरत नाहीं म्हणून आडव्या कापल्या होत्या. पत्रा थंड लाटलेला होता, दिशाबद्धही होता. कागदोपत्रीं कोणी खोटें लिहिलें होतें असें नाहीं.

त्या खेड्यांतील जे गृहस्थ ट्रान्सफॉर्मरबरोबर आले होते त्यांनीं विचारलें, “मग आमचे पंप जळत होते ते याच्यामुळें?” मिस्त्री म्हणाले, “पंपांचें मी सांगत नाहीं. त्याला शेताकडच्या तारा पाहाव्या लागतील. पण रात्रभर ही पेटी गरम राहात होती, ती यामुळें.” हें उत्तर आम्हांस फार आवडलें; जेवढें माहीत तेवढेंच.

पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हा गेलों, तेव्हां तोच गाभा नव्या पत्र्याचा रचून तयार होता. कोपरे तिरपे सांधलेले होते. माप २४८ वॉटांवर स्थिर राहिलें. जुन्या पट्ट्यांचा ढीग कोपऱ्यांत पडला होता आणि एक मुलगा कात्रीयंत्राशीं बसून त्यांचे बोटाएवढे तुकडे करीत होता. एवढी मेहनत कशाला, असें आम्हीं विचारलें. भंगारवाला उद्यां येणार आहे, आणि अख्ख्या पट्ट्या त्याच्या हातीं गेल्या तर त्या पुन्हा कोणाच्या तरी डीपींत जाऊन बसतील, असें त्या मुलानें मान वर न करतां सांगितलें.